पुढचे दात मिटत नाहीत, म्हणजे ऑटिझम असेल का?

मोबाइलवर एखादं चित्र फिरत येतं. रुंद कपाळ, मोठं डोकं, उंच टाळू, पुढे आलेले दात, आणि वर मथळा: 'ऑटिझम असा ओळखा'. ते बघून धास्तावलेले पालक माझ्याकडे दादरला येतात. अलीकडे दातांची शंका फारच कानावर येते, म्हणून ओजसबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ओजस सहा वर्षांचा, घर भांडुपला. त्याच्या मागच्या दाढा टेकल्या तरी पुढचे दात एकमेकांना भेटत नसत, मध्ये फट राहायची. दंतवैद्यांनी त्याला 'ओपन बाइट' म्हटलं होतं. त्या एवढ्याशा फटीवरून घरात दोन पक्ष पडले होते.

"मी वाचलंय मॅडम, ऑटिझमच्या मुलांचे दात असेच असतात," आई म्हणाली.

"काही नाही हो. दातांमुळे शब्द नीट येत नाहीत, म्हणून बोलायचा कंटाळा करतो. तार लावली की सगळं सुरळीत होईल," बाबा म्हणाले.

पहिल्या काही भेटी आजीचा जबडा, मामाचे दात आणि तारेचा खर्च यातच गेल्या. मी ऐकून घेतलं. धास्तावलेला माणूस डोळ्यांना दिसेल असं काहीतरी धरून बसतो, ते त्याच्या हातून एकदम काढून घ्यायचं नसतं. काहीजण पहिल्याच दिवशी प्रश्नावली पुढे करतात. माझी ती पद्धत नाही.

मग एका भेटीत म्हटलं, "आज तोंडाचा विषय बंद. कालची संध्याकाळ सांगा."

आई सांगू लागली. लोकलमध्ये ओजसने 'पुढील स्टेशन'च्या सगळ्या घोषणा अगदी त्याच सुरात म्हटल्या. घरी आल्यावर पंख्याखाली बराच वेळ उभा राहिला. सोसायटीत खेळताना पडला, गुडघा फुटला.

"मग तुमच्याकडे आला?"

आई गप्प झाली. उत्तर आलं बाबांकडून. "येत नाही तो. पडला तरी येत नाही, बक्षीस मिळालं तरी दाखवायला येत नाही. पहिल्यापासूनच."

इतके दिवस 'दातांमुळे' म्हणणारा माणूस हे बोलला, आणि आईने त्यांच्याकडे बघून फक्त मान हलवली. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, एकमेकांपाशी कोणी काढली नव्हती. दातांवर भांडणं त्या मानाने सोपं होतं. त्या दिवसापासून ते एका बाजूने बोलू लागले. माझ्या मते खरं काम तिथे झालं, पुढचा कागद कोणीही लिहून दिला असता.

निदान करणं माझं काम नाही. मी त्यांना मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. सविस्तर तपासणीनंतर ऑटिझमचं निदान झालं, आणि त्यात दातांचा काडीइतकाही आधार नव्हता.

मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, ते वागण्यावरून. आजही निदान होतं ते माणसांशी देवाणघेवाण कशी आहे, तेच ते वागणं किती आहे, यावरून. फ्रॅजाइल एक्ससारख्या काही जनुकीय आजारांत चेहऱ्याची ठेवण वेगळी असू शकते आणि सोबत ऑटिझमही असू शकतो. पण ती ठेवण त्या आजाराची. तुमचं मूल लहान असेल तर आरशाऐवजी हे बघा: वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर वळतं का, दीड वर्षाच्या आसपास 'ते बघ' म्हणून बोट दाखवतं का. शंका वाटली तर दात येण्या-पडण्याची वाट बघू नका.

मग दातांचा काहीच संबंध नाही? आहे, पण बहुतेकदा सवयींच्या वाटेने. अंगठा चोखणं, कॉलर चावत राहणं, झोपेत दात खाणं, फक्त मऊच खाणं, तोंडाने श्वास घेणं, यातल्या काही सवयी ऑटिझम असलेल्या मुलांत जास्त दिसतात आणि त्यांचा परिणाम दातांवर होतो. ओजसचा अंगठा रात्रभर तोंडात असायचा. ऑटिझम नसलेल्या मुलाने अंगठा चोखला तरी अशीच फट पडते. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांमधली फट तर पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप भरते. तिच्यापायी झोप उडवू नका.

ऑटिझम असलेल्या मुलाला दंतवैद्याकडे नेताना मात्र घाई नको. पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीत बसून परत या. खुर्चीचे, दिव्याचे फोटो आधी घरी दाखवा. गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, दर वेळी डॉक्टर तेच असतील असं बघा. पेस्टची चव झोंबत असेल तर बिनचवीची आणा. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे जाता येईल.

ओजसच्या डॉक्टरांनी तार पुढे ढकलली आहे, आधी अंगठा सुटू दे म्हणाले. तारेसाठी बाजूला ठेवलेले पैसे बाबांनी स्पीच थेरपीला वळवले.