वाचकांचे प्रश्न : सैतानी फळं आणि सभंग श्लेष

प्रश्न : ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतल्या (मांगातल्या) सैतानी फळांची, म्हणजे खाणाऱ्याला अद्भुत शक्ती देणाऱ्या फळांची, नावं दोनदा का उच्चारतात? ‘गोमू गोमू’ म्हणजे च्युइंगगम का? (वाचक, सांगली)

उत्तर : च्युइंगगम नाही, रबर. जपानी ‘गोमू’ हा शब्द डच ‘गॉम’वरून आला. इंग्रजीत त्याचं ‘गम-गम’ झालं आणि घोळ तिथून सुरू झाला.

द्विरुक्तीचं म्हणाल, तर जपानीत आपल्यासारखेच अनुकरणवाचक शब्द भरपूर आहेत. ‘मेरामेरा’ म्हणजे धगधग, ‘गोरोगोरो’ म्हणजे गडगड, ‘पिकापिका’ म्हणजे लखलख. लेखक एइइचिरो ओदा यांनी अशाच शब्दांतून आग, वीज आणि प्रकाशाची फळं घडवली.

श्लेष आहे की नाही हे ओळखायचं असेल, तर नाव अर्धं करा आणि जपानी शब्दकोशात दोन्ही रूपं पाहा. ‘मेरा’ला एकट्याने काही अर्थ नाही, म्हणजे तिथे फक्त ध्वनी आहे. ‘दोकुदोकु’ म्हणजे रक्त भळाभळा वाहणं, पण नुसतं ‘दोकु’ म्हणजे विष. हे फळ विषाचंच आहे! ‘योमी’ म्हणजे मृतांचा लोक आणि ‘योमिगाएरू’ म्हणजे पुन्हा जिवंत होणं. ब्रूक या पात्राला दुसरा जन्म देणारं फळ ‘योमी योमी’च. ही नावं काताकाना लिपीत छापतात. ती फक्त उच्चार दाखवते, म्हणून दोन्ही अर्थ शाबूत राहतात. चित्रलिपीतली कांजी वापरली असती तर एकच अर्थ पक्का झाला असता.

प्रश्न : ‘वन पीस’मधल्या झोरो या तलवारबाजाच्या ‘ओनिगिरी’ वाराचं भाषांतर कसं करावं?

उत्तर : हा अस्सल सभंग श्लेष आहे, म्हणजे शब्द वेगळ्या जागी फोडला की अर्थ बदलतो. ‘ओ-निगिरी’ असा फोडला तर मुठीत दाबून केलेला भाताचा गोळा. ‘ओनि-गिरी’ फोडला तर राक्षसावरचा घाव. (मूळ शब्द ‘किरी’, समासात ‘क’चा ‘ग’ होतो.) मांगात कांजी राक्षस आणि घावाची आहे, पण कानावर भाताचा गोळा पडतो. त्याच्याच ‘तोरागारी’ वाराचंही तसंच : कांजीत वाघाची शिकार, बोलण्यात मात्र वेडेवाकडे कापलेले केस. ‘राक्षसघाव’ लिहिलंत की खाऊ हरवतो. आमचं मत, वाराचं नाव जपानीच ठेवावं आणि तळटीप द्यावी.

प्रश्न : आकड्यांतही कोट्या असतात का?

उत्तर : असतात. ५ म्हणजे ‘गो’, ६ म्हणजे ‘मू’, म्हणून ‘गोमू गोमू’ फळ खाल्लेल्या नायकाचा, लुफीचा, आकडा ५६. नामी या पात्राचा वाढदिवस ३ जुलै : ७ चा ‘ना’, ३ चा ‘मि’. जपानी तारखेत महिना आधी येतो. आपल्या पद्धतीने ३/७ लिहिलंत तर ‘मिना’ होईल.