टोमॅटोचा व्हायरस : आधी रिपोर्टमधलं नाव वाचा, मग फवारणीचं बघू

जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यातनं टोमॅटोवाल्यांचे बरेच मेसेज आलेत, सगळ्यांचा सूर एकच, "साहेब, प्लॉटला व्हायरस आलाय, काय मारू?" त्यात एका दादांनी लॅबचा रिपोर्टच पाठवलाय, टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस, म्हणजे बेगोमो नावाच्या गटातला, सिक्वेन्स (व्हायरसच्या जनुकीय अक्षरांचा क्रम) जुन्या नोंदीशी ९६ टक्के जुळतो असं त्यात लिहिलंय, आणि ते विचारतात की उरलेले ४ टक्के म्हणजे नवीन व्हायरस आला का?

नाही दादा, जुनाच आहे. या व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, डीएनएच्या दोन गोल तुकड्यांचा, एकेक तुकडा साधारण २७०० अक्षरांचा, आणि नियम असा की त्यातला डीएनए-ए हा अख्खा तुकडा आधीच्या नोंदींशी जुळवायचा, ९१ टक्के किंवा त्याहून जास्त जुळला तर प्रजाती तीच, कमी जुळला तरच नवीन म्हणायचं. तुमच्यात शंभरेक अक्षरं इकडची तिकडं झालीत, तेवढं चालतंच. फक्त एक बघा, लॅबने अख्खा तुकडा वाचलाय की पीसीआरचा (ठरावीक व्हायरसचा तुकडा वाढवून शोधणारी चाचणी) छोटा पट्टा, कारण छोट्या पट्ट्याच्या टक्केवारीवर प्रजाती ठरवत नाहीत, हे लॅबला फोन करून विचाराच.

आता औषधाचं. झाडात शिरलेला व्हायरस मारणारं औषध बाजारात नाही, दुकानदार कुठलीही बाटली हातात देऊ दे. आपण फवारतो ते किडीवर, आणि कुठल्या किडीवर फवारायचं हे व्हायरसची भावकी कळल्याशिवाय समजत नाही. बेगोमो असेल तर पांढरी माशी, मग रोपवाटिकेला बारीक नेट, पिवळे चिकट सापळे आणि लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे माशीवर लक्ष. टॉस्पो हा दुसरा गट असेल तर फुलकिडे, यात गंमत अशी की व्हायरस उचलतं ते पिल्लू आणि पसरवतो तो मोठा झालेला किडा, म्हणून पिल्लं असतानाच आवरायचं, निळे सापळे लावायचे आणि शेंडा करपलेलं झाड दिसलं की उपटून प्लॉटबाहेर.

२०२० च्या उन्हाळ्यात ज्याला सगळे तिरंगा म्हणत होते तो आठवतोय ना, फळ अर्धं लाल अर्धं पिवळं, कापलं तर आत काळपट. तेव्हा जो तो बियाण्याला शिव्या घालत होता, पण बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस निघाला, सोबत दुसरेही व्हायरस होते. हा आरएनएवाला, म्हणजे याची जनुकीय माहिती डीएनएऐवजी आरएनएत, जीनोम तीन तुकड्यांत, आणि पसरवतो मावा. मावा नुसती सोंड टोचून काही सेकंदांत व्हायरस उचलतो आणि पुढच्या झाडाला देऊनही टाकतो, तुमच्या औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं! म्हणून इथं चंदेरी मल्चिंग, कडेनं मक्याच्या दाट ओळी आणि बांधावरचं तण काढणं याचा जास्त उपयोग.

आणि टोबॅमो या आणखी एका गटातला निघाला तर किडीचा फार संबंधच नाही, तो हातानं, कात्रीनं, बांधणीच्या सुतळीनं फिरतो. तंबाखूतही हा व्हायरस असू शकतो, म्हणून तंबाखू मळून तोच हात रोपांना लावू नका, मी हे थट्टेनं सांगत नाहीये, साबणानं धुवा आणि मग कामाला लागा.

एका ताईंनी विचारलंय की प्रत्येकानं सिक्वेन्सिंग करायचं का. गरज नाही, स्ट्रिप टेस्ट (पानाच्या रसात बुडवून बघायची पट्टी) नाहीतर पीसीआर पुरते. पण पीसीआर ज्याला शोधायला सांगाल त्यालाच शोधतो, लक्षणं ठळक असून रिपोर्ट निगेटिव्ह येत असेल तर मात्र सिक्वेन्सिंग कराच, त्यात न विचारलेलेही व्हायरस सापडतात. नमुन्यासाठी लक्षण असलेली कोवळी पानं वेगवेगळ्या झाडांची घ्या, वाळलेली नकोत, एक निरोगी झाडाचं पान वेगळं घ्या, कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पाठवा, ओलं पान पिशवीत कोंबून दोन दिवस गाडीत फिरवलं तर आरएनए सडतो आणि रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. पाकिटावर वाण, लागवडीची तारीख आणि शेजारी कुठलं पीक आहे ते लिहा.