इंग्रजी अनेकवचन शिकवताय? वही नंतर, आधी कान

पहिल्याच दिवशी फळ्यावर नियमांची यादी लिहू नका. मी ते करून बसलोय. एस, ईएस, आयईएस सगळं एका तासात उरकलं आणि पुढच्या आठवड्यात पोरं 'बॉय'चाही वाय खोडून आयईएस लावत होती!

एक पेन्सिल उचला, मग तीन, आणि मुलांकडून नुसतं बोलून घ्या. शेवटचा एस तीन तऱ्हांनी ऐकू येतो. 'कॅट्स'मध्ये स, 'डॉग्ज'मध्ये ज, तोही 'जहाज'मधला. 'बस'च्या शेवटी आधीच स आहे, त्याला आणखी एक स जोडून म्हणायला सांगा. जीभ अडते, मुलं हसतात, आणि 'बसेस' म्हणताना मधे स्वर का लागतो ते तिथल्या तिथे कळतं. बॉक्स, डिश, वॉच मग फारसे छळत नाहीत.

आपल्या मुलांची खरी गोची 'टू हँड' ही. मराठीत एक हात, दोन हात, दगडाचंही तेच. आकडा सांगितला की भागतं. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस आकडा आणि शब्द जोडीनेच म्हणवून घ्या.

कुणी 'फूट्स' म्हणालं तर रागावू नका. भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' म्हटलं होतं. दोन दाखवल्यावर बहुतेकांनी आपणहून 'वग्ज' सांगितलं. 'फूट्स'मागेही तोच नियम असतो. तुम्ही सहज 'हो, टू फीट' म्हणा आणि पुढे चला. 'शीप'ची, म्हणजे अनेकवचनातही न बदलणाऱ्या शब्दांची, इतक्यात घाई नको.