मामांची एमजी, अँबेसिडरचं इंजिन आणि अमेरिकेतला मामेभाऊ

प्रश्न : माझ्या मामांनी तरुणपणी मुंबईत 1959 सालची एमजीए 1500 ही दोन सीटची उघडी गाडी जुनी म्हणून विकत घेतली. 1978 मध्ये तिचं मूळ इंजिन गेलं, तेव्हा त्यांनी अँबेसिडरचं इंजिन बसवून घेतलं. आरटीओला काही कळवलं नाही. 1994 पासून गाडी साताऱ्याच्या घरी उभी होती. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. मामी म्हणाल्या, “तूच घेऊन जा, तुलाच तिची माया.” टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि बंगल्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी पत्रा, वायरिंग, ब्रेक सगळं स्वतः करतोय. आता एका गॅरेजवाल्याकडे नंतरच्या अँबेसिडरचं 1800 सीसीचं इसुझू इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट मिळतंय. पुढे डिस्क ब्रेकही लावायचेत. पण टीसी बुक (गाडीचं जुनं नोंदणी पुस्तक) मामांच्याच नावावर आहे, आणि अमेरिकेतला मामेभाऊ अचानक म्हणतोय की गाडीत त्याचाही वाटा आहे. एक एजंट म्हणतो, भंगारातल्या अँबेसिडरचे पेपर लावून पंधरा दिवसांत पासिंग करून देतो. शेजारच्या काकांची आवाजाबद्दल कुरकुर चालू आहेच. गाडी कायदेशीर रस्त्यावर आणता येईल का? रंग हिरवा आहे, लाल करायचाय, तो चालेल का? – स. कु., पुणे

उत्तर : सकु, आधी एजंटचं बोलू, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. “पेपर लावून देतो” याचा अर्थ तुमच्या चेसिसवरचा नंबर घासायचा आणि अँबेसिडरचा ठोकायचा, किंवा नंबरची पट्टी बदलायची. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज तयार करणं (कलम 336) आणि तो खरा म्हणून वापरणं (कलम 340) हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि आरोपीच्या जागी एजंट नसतो, गाडीचा मालक असतो. शिवाय पासष्ट वर्षं जपलेला खरा नंबर तुम्ही स्वतःच्या हाताने नष्ट कराल. तो नंबर हीच या गाडीची निम्मी किंमत आहे. त्या माणसाचा फोन पुन्हा उचलू नका.

आता मामेभाऊ. तुम्हाला आवडणार नाही, पण तो बरोबर आहे. मामांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे त्यांची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते, म्हणजे मामी, मुलगे, मुली आणि मामांची आई हयात असेल तर ती. बहिणीचा मुलगा त्या वर्गात बसत नाही. मामींनी प्रेमाने दिली हे खरं, पण त्या त्यांचाच हिस्सा देऊ शकत होत्या, मुलांचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या कौटुंबिक वादांत जमिनीपेक्षा असल्या “एका वस्तू”वरून माणसं जास्त दुखावलेली मी पाहिली आहेत. जमिनीची मोजणी होते, वडिलांच्या गाडीची होत नाही.

म्हणून नोटीस-बिटीसच्या भानगडीत न पडता त्याला फोन करा. अर्धवट उघडलेल्या गाडीचे फोटो पाठवा, आतापर्यंतच्या खर्चाचा हिशेब पाठवा. तो तयार झाला, तर त्याचं आणि इतर भावंडांचं प्रतिज्ञापत्र हवं : गाडी मामींच्या नावावर करायला आमची हरकत नाही आणि आमचा हक्क आम्ही मामींच्या लाभात सोडत आहोत. त्याने हे अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीत जाऊन करावं, नाहीतर तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला, घ्यावा. साध्या ईमेलवर आरटीओचा कारकून मान हलवत नाही. मग वारसाच्या हस्तांतरणाचा फॉर्म 31 भरून गाडी मामींच्या नावावर, आणि मामींकडून फॉर्म 29 व 30 भरून तुमच्या नावावर. मामींनी तुम्हाला बक्षीस दिल्याचा एक साधा लेख करून ठेवा. जंगम वस्तूचं बक्षीस ताबा देऊनही पूर्ण होतं, तरी उद्या कोणी विचारलं तर कागद बोलतो. नियमाप्रमाणे मामांच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि फॉर्म 31 तीन महिन्यांत द्यायचा होता. ती मुदत गेली आहे, पण त्याने हक्क जात नाही, दंड भरावा लागतो. तो भरा आणि विसरा.

तो तयार झालाच नाही तर? तर गाडी तुमची नाही. हे सुटेपर्यंत तिच्यावर आणखी पैसे घालू नका. आजवरचा खर्च तुम्ही दुसऱ्याच्या वस्तूवर केला आहे, आणि तो वसूल करणं कोर्टात सोपं नसतं.

आता ज्याच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत ते इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. ‘आरटीओच्या परवानगीने काहीही करता येतं’ असा समज बरीच वर्षं होता, आणि केरळ उच्च न्यायालयाने तसा निकालही दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 ला के. जयचंद्र प्रकरणात तो फिरवला आणि सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांना हात लावता येत नाही. प्रमाणपत्रातले बाकीचे तपशील बदलून त्यांची नोंद करता येते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ सांगतं की बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ या शब्दांकडे लक्ष द्या.

तुमच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, चार सिलिंडर, 1489 सीसी असं असणार. इसुझूचं इंजिन 1817 सीसीचं आहे. आकडाच जुळत नाही, आणि गिअरबॉक्ससाठी चेसिसला वेल्डिंग करावं लागलं तर तो दुसरा बदल. हे इंजिन घेऊ नका. गाडी पळेल झकास, पण कागदावर ती कुठलीच गाडी राहणार नाही.

मामांनी 1978 मध्ये बसवलेल्या इंजिनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे. एमजीए 1500 मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीजचं 1489 सीसी इंजिन यायचं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची पेट्रोल अँबेसिडर कित्येक वर्षं त्याच घराण्याच्या 1489 सीसी इंजिनावर चालली. कार्ब्युरेटर वेगळा, ताकद कमी, पण घनफळ तेच, सिलिंडर तेवढेच, जात तीच. मामांच्या मिस्त्रीला कायदा कळत नसेल, इंजिन मात्र कळत होतं. त्यामुळे फरक प्रामुख्याने इंजिन नंबराचा उरतो. कळवणं तेव्हाच्या 1939 च्या कायद्यातही बंधनकारक होतं, आजच्या कायद्यात त्याची मुदत चौदा दिवसांची आहे. ते राहिलं. आता स्वतःहून अर्ज करून ‘त्याच प्रकारच्या इंजिनाने बदली, नोंद राहून गेली’ असं मांडा. इंजिन दुसऱ्या कंपनीचं म्हणून अधिकारी हरकत घेऊ शकतो, आणि मग अपील करावं लागेल. पण ही बाजू मांडता येते. इसुझूची मांडता येत नाही.

डिस्क ब्रेक मात्र लावा. ब्रेकचा प्रकार आरसीवर लिहिलेला नसतो, आणि एमजीच्या कारखान्याने 1959 मध्येच नंतरच्या एमजीए 1600 ला पुढच्या चाकांना डिस्क दिल्या होत्या. तेच भाग वापरा, बिलं जपा, जुने ड्रम फेकू नका.

आता दोन रस्ते आहेत. पहिला, नेहमीच्या आरसीचं नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर वेळी पाच वर्षांनी वाढवायची. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढवली. साध्या मोटारीला 10,000, पण तुमच्या एमजीसारख्या आयात केलेल्या चारचाकीला 80,000 रुपये. त्यावर उशिराचे महिन्याला 500 आणि राज्याचा हरित कर. फिटनेसची तपासणी आलीच. एवढं केलंत तर गाडी रोज वापरायला मोकळी.

दुसरा रस्ता जुलै 2021 च्या व्हिंटेज नियमांचा, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतले 81अ आणि त्यापुढचे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी 5,000. गाडी आधीच भारतात नोंदलेली असल्यामुळे जुनं टीसी बुक आणि विमा पुरतो. 1959 चे कस्टमचे कागद शोधत बसू नका. जुना नंबरही ठेवता येतो. पण अट कडक आहे : गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. ठरवते राज्याची समिती, गाडी डोळ्यांनी बघून. आणि नोंदणी मिळाली की ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी लोणावळ्याला मिसळ खायला जाणं त्यात बसत नाही. लोक जातात, मला माहीत आहे, पण अपघात झाला की विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

माझं मत विचाराल तर, गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढणार असाल तर व्हिंटेजच करा आणि अँबेसिडरच्या इंजिनाऐवजी एमजीचंच बी-सिरीज इंजिन शोधा. इंग्लंडमध्ये ती अजून मिळतात. समितीपुढे ‘त्याच घराण्याचं’ म्हणून वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडेल. कस्टम ड्युटी भराल, पण फी 80,000 च्या जागी 20,000 च लागेल. दररोज ऑफिसला न्यायची हौस असेल तर पहिला रस्ता, आणि मग पावसाळ्यात त्या हुडातून गळणाऱ्या पाण्याबद्दल माझ्याकडे तक्रार नको.

कागद होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही, गल्लीच्या टोकापर्यंतही नाही. विना-नोंदणी चालवल्याचा पहिला दंड 2,000 ते 5,000, विमा नसल्याचा 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरी भीती दंडाची नाही. विमा नसताना कोणाला धक्का लागला, तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून जाते, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाचे आकडे पाहिले तर झोप उडेल. टेम्पोत किंवा टोइंगच्या गाडीवर चढवून न्यायला हरकत नाही. ट्रायल अंगणात घ्या. गॅरेजवाला “आमच्या ट्रेड सर्टिफिकेटवर काढू” म्हणाला तर नाही म्हणा, ते विक्रेत्यांच्या गाड्यांसाठी असतं.

शेजारच्या काकांबद्दल थोडक्यात. स्वतःच्या जागेत स्वतःच्या गाडीचं काम करायला परवाना लागत नाही. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ग्राइंडर दुपारी चालवा. रंगाचा फवारा मात्र घरी मारू नका, तो धूर आणि थिनरचा वास त्यांच्या खिडकीत जातो आणि शेडमध्ये आगीचा धोकाही आहे. मित्रांच्या गाड्या पैसे घेऊन करायला लागलात तर सगळंच बदलेल.

राहिला रंग. रंग हा आरसीवरचा तपशील आहे, तो बदलून नोंद करता येते. पण लाल करायच्या आधी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून त्या चेसिस नंबरचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्याच्या वहीतून ते मूळ इंजिन नंबर, बांधणीची तारीख आणि मूळ रंग लिहून देतात. समितीपुढे तो कागद सोन्याचा आहे, आणि कदाचित गाडी मुळात लालच निघेल.

मुंबईच्या ज्या आरटीओत पहिली नोंद झाली, तिथून रजिस्टरचा उतारा काढून घ्या. इतकी जुनी गाडी ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत सहसा नसते, आधी बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवावी लागते, आणि त्यालाच सगळ्यात जास्त खेटे पडतात. चेसिस नंबरची पेन्सिल छाप आजच घ्या, रंगाखाली दबायच्या आत. आणि या रविवारी साताऱ्याला जाऊन मामींना मामांची कागदांची पेटी उघडायला सांगा. जुन्या विम्याच्या पॉलिसी, टॅक्सच्या पावत्या, मामा गाडीत बसलेले फोटो, आणि मुख्य म्हणजे 1978 च्या त्या मिस्त्रीचं बिल. ते सापडलं तर मला फोटो पाठवा, इंजिनाचा अर्ज मग मीच लिहून देईन.