‘आलं की’ म्हणा, मग इंग्रजी लिहा

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘व्हेन द पार्सल विल कम, आय विल इन्फॉर्म यू’ असं लिहिलं. साहेबांनी ‘विल कम’ खोडून ‘कम्स’ केलं. पार्सल अजून यायचंय, मग वर्तमानकाळ कसा? आणि ‘आय डोन्ट नो व्हेन इट विल कम’ हे मात्र बरोबर कसं?

उत्तर : शंका रास्त आहे. ‘भविष्यकाळ म्हणजे विल’ एवढंच आपल्याकडून घोकून घेतलेलं असतं, त्याचा हा त्रास. तुम्ही मनात ‘पार्सल येईल तेव्हा कळवीन’ म्हणालात आणि ‘येईल’चं ‘विल कम’ केलंत. पण बोलताना आपण काय म्हणतो? ‘पार्सल आलं की कळवीन.’ ‘आलं’ हे रूप भूतकाळाचं, पार्सल अजून वाटेत, तरी कुणाला खटकत नाही. पुढची गोष्ट आहे हे ‘कळवीन’ सांगतं. इंग्रजीतही तसंच. मुख्य वाक्यात ‘विल’ आलं की व्हेन, आफ्टर, बिफोर, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्यापुढे साधा वर्तमानकाळ पुरतो. माझ्या वर्गात मी आधी ‘आलं की’ मोठ्याने म्हणायला लावते, मगच पेन उचलू देते.

तुमच्या दुसऱ्या वाक्यातलं ‘व्हेन’ म्हणजे ‘कधी’. ते कधी येईल, ठाऊक नाही. मराठीत ‘कधी’ बसत असेल तिथे ‘विल’ राहू द्या.

काम पुरतं संपण्यावर भर असेल, तर ‘वाचून झालं की परत देईन’ असं आपण म्हणतो. त्याचं इंग्रजी ‘व्हेन आय हॅव रेड इट, आय विल रिटर्न इट’.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘अंटिल’बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण वह्या तपासताना सगळ्यात जास्त लाल शाई तिथेच जाते. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ हे मनात असतं, म्हणून मुलं ‘वेट अंटिल ही डझन्ट कम’ लिहितात. त्याचा अर्थच फिरतो. इथे मराठीला ‘नाही’ चालतो, इंग्रजीला नको असतो. त्याऐवजी ‘तो येईपर्यंत थांब’ असं मनात म्हणून बघा. ‘नाही’ आपोआप गळतो आणि ‘वेट अंटिल ही कम्स’ सरळ हाताशी येतं.

तुमच्या मेलमधलं दुसरं ‘विल’ मात्र अगदी बरोबर होतं. त्याला हात लावू नका.