स्विचचं पाकीट अजून फोडू नको

अरे मित्रा,

तुझा मेसेज वाचला. जुन्या मोटरसायकलची ब्रेक लाइट लागत नाही, ब्रेक दाबल्यावर ती लावणारा नवीन स्विच मागवलाय, आता कसा बसवू म्हणून विचारलंयस. मागवायच्या आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं, कारण तो स्विचच गेलाय हे तुला अजून कुठे माहितीये?

मी स्वतः एका गाडीत लागोपाठ दोन स्विच बदलले होते, दुसराही डुप्लिकेट निघाला म्हणून शिव्या घालून झाल्या, आणि शेवटी निघालं काय तर मागच्या मडगार्डला मीच हौसेने पेंट मारला होता, त्या पेंटमुळे लाइटला अर्थच (म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परत जायची वाट) नीट मिळत नव्हता. ब्रेक दाबला की टेल लाइट अजून मंद व्हायची, अर्थ खराब असल्याची एवढी सरळ खूण डोळ्यासमोर असून माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

म्हणून आधी बल्ब काढून बघ. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, 12 व्होल्टच्या गाडीत बहुतेक वेळा टेलची 5 वॅट आणि ब्रेकची 21 वॅट, त्यामुळे टेल लागते म्हणजे बल्ब चांगला असं होत नाही. पुढच्या ब्रेकलाही स्विच असेल तर तो दाबून बघ, दोन्ही स्विच एकाच बल्बला जातात, पुढच्याने लागत असेल तर बल्ब, होल्डर, अर्थ सगळं ठीक आहे आणि संशय मागच्या स्विचवर आणि त्याच्या वायरींवर आला. मग इग्निशन ऑन करून मागच्या स्विचच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि टोकाला टोक लावायचं. लाइट लागली, स्विच गेला. नाही लागली तर टेस्ट लॅम्प घेऊन एका वायरीत तरी करंट येतोय का बघ, आधी फ्यूज बघून घे म्हणजे झालं. फक्त ते टोक फ्रेमला टेकवू नको, फ्यूज उडेल, आणि काही फार जुन्या गाड्यांत फ्यूजच नसतो, तिथे वायरच जळते.

आणि लाइट लागते पण मंद लागते, हा प्रकार वेगळा. गाडी 6 व्होल्टची असेल तर हे नीट समजून घे. 18 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर 3 अँपिअर खेचतो, म्हणजे गरम झाल्यावर त्याचा रेझिस्टन्स फक्त 2 ओहम. स्विचच्या आत कॉन्टॅक्ट काळे पडून तिथे अर्धा ओहम आला तरी बल्बपर्यंत 4.8 व्होल्टच पोचतात, आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी जास्त वेगाने पडतो, जवळजवळ निम्मा होतो. स्विच 'चालू' असतो, लाइट 'लागते', आणि मागून येणाऱ्याला भर उन्हात काही दिसत नाही. ब्रेक दाबून ठेवून मल्टिमीटरने स्विचच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोज, जवळपास शून्य यायला पाहिजे.

बसवणं तसं सोपं, बिघडवतात ते ॲडजस्ट करताना. प्लास्टिकच्या बॉडीवर आटे असतात आणि त्यावर नट असतो, तर फिरवायचा तो नट, बॉडी नाही. बॉडी फिरवलीस की वायरी पिळवटून आतून तुटतात आणि नवा स्विच पहिल्याच दिवशी गेला. आधी पॅडलची उंची, मग ब्रेकचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधी पॅडल मोकळं जातं तेवढं अंतर), आणि सगळ्यात शेवटी स्विच. हा क्रम उलटा केलास तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आणि पुढे कधीही मागचा ब्रेक टाइट केलास की स्विचही परत बघायचा. स्विचला पॅडलशी जोडणारी स्प्रिंग फार ताणून लावू नको, लाइट कायम पेटलेली राहील, बॅटरी उतरेल आणि तू खरा ब्रेक मारशील तेव्हा मागच्याला काहीच कळणार नाही. माझ्या मते हे लाइट न लागण्याइतकंच वाईट.

पुढे डिस्क ब्रेक असेल आणि स्विच ऑइलच्या प्रेशरवर चालणारा असेल तर तो एकट्याने पहिल्यांदा उघडू नको, आटे वेगवेगळ्या मापाचे येतात, लाइनमध्ये हवा शिरते, ब्लीडिंग करावं लागतं, म्हणजे ती हवा काढावी लागते, आणि ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर पेंट गेलाच म्हणून समज.

बसवून झाल्यावर अंधारात गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून उभी कर आणि पॅडल हाताने हळूहळू दाब. चाक आवळायला लागायच्या जरा आधी भिंत लाल व्हायला पाहिजे, सोडल्यावर लगेच विझायला पाहिजे. मग इंजिन चालू करून परत तेच, कारण थरथरीत लूज कनेक्शन उघडं पडतं.

पण हे सगळं नंतर. आधी त्या दोन वायरी जोडून लाइट लागली का तेवढं कळव, तोवर पाकीट फोडू नको, परत तरी करता येईल.

तुझा,
गाडीवाला काका