शिवणीतली माया

“मॅडम, मी स्वतःला आहे तशी स्वीकारलं, तर मग मी अशीच राहीन ना?”

हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून इतक्यांदा आला आहे की, कुणी ‘स्वीकार’ म्हटलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. कॉलेजच्या मुली विचारतात, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या बायका विचारतात, अलीकडे जिमला जाणारे मुलगेही विचारतात. धास्ती एकच. शरीराशी भांडण मिटलं की डाएट सुटेल, आणि डाएट सुटलं की आपण सुटत जाऊ. सकाळी उठून स्वतःला चार शिव्या हासडल्याशिवाय आपण चालायला बाहेर पडणारच नाही, अशी यांची खात्री असते. माझा नाशिकमधला समुपदेशनाचा एकोणीस वर्षांचा अनुभव बरोबर उलटा आहे. म्हणून वैदेहीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

वैदेही ३७ वर्षांची, पतसंस्थेत काउंटरवर. उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, पाचेक किलो उतरवा, रोज चाला. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पण तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आकडा होता ५२.

“हा कुठून आला?”

“लग्नातलं वजन.”

लग्नाला तेरा वर्षं झाली होती, मध्ये दोन बाळंतपणं. पण तो आकडा काही जागचा हलला नव्हता.

तिने धरलं होतं ते दोन वेळच्या जेवणाचं डाएट. दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली ही पद्धत आपल्याकडे बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. उपाशी राहा, असं ती सांगत नाही. वैदेहीने मात्र त्यावर स्वतःची पोटकलमं चढवली होती. भात बंद. पोळी बंद. फळं बंद. दाण्याचं कूट बंद. चार लोकांत जेवायला जाणं बंद. वजन दिवसातून चारदा, आणि त्याआधी बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवायचं.

“जोडवी?” मी गमतीने विचारलं.

“जोडवीपण,” ती म्हणाली. हसली नाही.

चार महिन्यांत सहा किलो उतरलं आणि त्यातलं चार परत आलं. ते कसं आलं, हे सांगायला तिला तीन भेटी लागल्या. रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता ती चिवड्याचा डबा उघडायची. सकाळी तळाला फक्त कढीपत्ता आणि तिखटमीठ उरलेलं असे. “एक मूठ घेतली की मोडलंच ना मॅडम. मग मोडलंय तर मोडलंय.” त्याहून जास्त लाज तिला वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. भात सोडलेली ही बाई अंथरुणात पडल्या पडल्या दोन-दोन तास बिर्याणीचे व्हिडिओ बघायची. “मला वेड लागायला लागलंय का?”

मी तिला १९४४ सालची हकीकत सांगितली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग सुरू केला. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली, धडधाकट, स्वखुशीने आलेली मुलं. जवळजवळ सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळत होत्या. पाहता पाहता त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. ताटल्या चाटून पुसून खायचे, पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. आणि वैदेहीच्या वहीतलं तिचं खाणं आहारतज्ज्ञ बाईंनी मोजलं, तर ते नऊशेच्या आत होतं.

“म्हणजे हा माझा लोचटपणा नाही?”

“पोट काम करतंय तुमचं. ते त्याची नोकरी सोडत नाही, एवढंच.”

त्या दिवशी ती पहिल्यांदा पाठ टेकून बसली. तरी मूळ गाठ सुटली नव्हती. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वळणाची. त्यामुळे माझा कान लोकांच्या ‘च’कडे असतो. ‘वजन कमी व्हायला हवं’ ही इच्छा झाली, तिने माणूस चालायला लागतो. ‘कमी व्हायलाच हवं, नाहीतर मी कसली’ हा हुकूम झाला, आणि हुकूम मोडला की शिक्षा आली. पण हे तिला सांगून उपयोग झाला नाही. तिने वहीत लिहून घेतलं, मान डोलावली आणि रात्री पुन्हा डबा उघडला. समजावून सांगण्याचं माझं कौशल्य बरं आहे असं मला वाटतं. तिथे ते कामी आलं नाही, हेही सांगायला हवं.

कामी आली पंचवटीतली एक ब्लाऊज शिवणारी बाई. तिला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

वैदेहीच्या दिराचं लग्न ठरलं होतं. सातव्या भेटीत ती उत्साहाने आली. पैठणीवरचा ब्लाऊज टाकून आली होती. “माप चाळीस आलं. मी म्हटलं, छत्तीसचं शिवा. लग्नापर्यंत झक मारत उतरेल. तर काकू म्हणतात, अगं श्वास कसा घेशील? बरं, निदान आतून दोन इंच माया तरी ठेवते. मी म्हटलं, अजिबात माया ठेवू नका. माया असली की उसवायचा मोह होतो.”

ती पुढे बोलत राहिली, जरीच्या काठाबद्दल. मी थांबवलं.

“काकूंना काय म्हणालात, ते परत सांगा.”

“छत्तीसचं शिवा म्हटलं.”

“त्यानंतर.”

“माया ठेवू नका.”

“कुणासाठी?”

ती काहीतरी उत्तर द्यायला गेली आणि तोंड उघडं तसंच राहिलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. माझ्या व्यवसायात शिकण्यासारखी सगळ्यात अवघड गोष्ट कुठली असेल, तर अशा वेळी गप्प बसणं. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. तिने पदराचं टोक हातात घेतलं, त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग अगदी हळू म्हणाली, “मी चार महिने हेच करतेय की. माझ्यावरच.” आणि एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

तो शब्द मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. आई झंपराला माया ठेवायची, फ्रॉकला ठेवायची. पण त्या दुपारी मला तो नीट कळला. शिवणीत सोडलेलं जादा कापड बाहेरून दिसत नाही. त्याने माप बदलत नाही, ब्लाऊज ढगळ होत नाही. अंगाला बेतशीर बसणारा ब्लाऊज आणि आत दोन इंच माया, यांत भांडण कुठेच नाही. उलट माया नसलेला ब्लाऊज हात वर केला की उसवतो, आणि मग तो दुरुस्तही करता येत नाही, कारण धरायला कापडच नसतं. वैदेहीचं डाएट रोज रात्री साडेअकराला असंच उसवत होतं. एक मूठ चिवड्याने मोडावं इतकं ते घट्ट शिवलेलं होतं. ज्यांना वाटतं की स्वीकार म्हणजे ढिलेपणा, त्यांना मी आता हेच सांगते. काही जण हसतात, पण शिवणकाम येणाऱ्या बायका लगेच मान हलवतात.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. आहार ठरवणं माझं काम नाही. ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी केलं. वाटीभर भात परत आला, संध्याकाळी पाचला फुटाणे किंवा एखादं फळ आलं. चिवडा आम्ही बंद केला नाही. अट एवढीच, की दिवा लावायचा, बशीत घ्यायचा आणि बसून खायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा भरगच्च बशी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “दिवा लावला की तो फार चांगला लागत नाही हो. सासूबाई मीठ जास्त घालतात.” वजनकाटा माळ्यावर गेला, पंधरा दिवसांतून एकदाच खाली यायला लागला. आणि लाल शाईतल्या ५२वर मी फार वाद घातला नाही, फक्त एक हिशेब तिच्यापुढे ठेवला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लक्ष्य होतं वजनाच्या फक्त सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. ७१चे सात टक्के म्हणजे पाच किलो. डॉक्टर पहिल्या दिवशी बोलले होते तेच. उरलेले चौदा किलो साखरेसाठी नव्हते, तेरा वर्षांपूर्वीच्या फोटोसाठी होते. ते हवेसे वाटणं गुन्हा नाही. पण कुठला किलो तब्येतीचा आणि कुठला फोटोचा, हे वेगवेगळं मांडलं की निम्मा जीव हलका होतो, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

घरच्यांसाठीही एक. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुक वाटतं, पण ऐकणारीच्या डोक्यात ते ‘आधी नव्हतीस’ असं जाऊन बसतं. बोलायला दुसरे विषय पुष्कळ आहेत.

आणि सगळ्यांची गोष्ट इथे सुटत नाही. पाळी बंद झाली, चक्कर येते, खाल्ल्यावर ओकारी काढली जाते, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जातात, वजन कमी असूनही आरशात जाडच दिसतं, असं काही असेल तर लेख वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा मनाने बदलणंही धोक्याचं. साखर एकदम खाली जाऊ शकते. कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

वैदेहीचं वजन लग्नापर्यंत ६७वर आलं होतं. ब्लाऊज तिने चाळीसच्या मापाचाच शिवून घेतला, आणि पुढे बाजूने थोडा आत घ्यावा लागला. लग्नानंतर ती भेटायला आली.

“चुलत सासूबाई भेटल्याच,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुटलीस गं चांगली.”

“मग?”

“म्हटलं, हो ना काकू. पण ब्लाऊजला अजून दोन इंच माया आहे, काळजी नको.”

मी मोठ्याने हसले. ती नाही.

“घरी येऊन रडले मात्र. अर्धा तास.”

“पूर्वी किती रडला असतात?”

तिने खरंच विचार केला. “आठवडाभर. आणि जेवलेही नसते.”

“त्या दिवशी जेवलात?”

“वरणभात,” ती म्हणाली. “दिवा लावून.”